धुक्यातल्या हाकजाईची कहाणी

ऐक हाकजाई, तुझी कहाणी.

आटपाट डोंगर होता. नगर नव्हतं, राजा नव्हता, आवडती-नावडती राणी नव्हती. डोंगराला दोन माच्या होत्या. एक उगवतीची माची, एक मावळतीची माची. मधे दरी होती. पल्याडची बाई दारात धान पाखडायला बसली, तर तिचं सूप वरखाली होताना अल्याडून दिसावं, एवढीच ती दरी. पण चालायला लागलं, तर सकाळी निघावं, दुपारी नदी गाठावी, दिवस बुडताना पल्याड पोचावं. डोळ्याला हातभर, पायाला दिवसभर.

उगवतीच्या माचीवर नऊ घरं होती. कुडाच्या भिंती, वर गवताचं शाकार. पाऊसकाळात चार महिने सगळं धुक्यात बुडायचं. धुकं दारातून आत यायचं आणि पाहुण्यासारखं चुलीपाशी बसायचं. उतारावर भाताची खाचरं होती, वर नाचणी होती, वरई होती. बायका पाठीवर इरली घेऊन वाकल्या, की खाचरात कासवं चरताहेत असं वाटायचं. घोंगड्यांना धुराचा वास, धुराला ओल्या लाकडाचा वास. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, सणाला तांदळाची खीर. मीठ जपून वापरायचे, भांडण सढळ हातानं करायचे. वैद्य नव्हता, बाजार नव्हता, गाडीवाट नव्हती. जे काही होतं ते एकमेकांचं होतं.

माचीच्या टोकाला कडा होता. कड्यावर एक उभा दगड होता. त्याला शेंदूर होता. ती हाकजाई. तिला देऊळ नाही, घंटा नाही, पुजारी नाही. तिला नैवेद्य हाकेचा.

तिचा वसा बायांनी घ्यावा. श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी घ्यावा, बाराही महिने चालवावा. सकाळी उठावं, अंगण झाडावं, चूल पेटवण्याआधी कड्यावर जावं. तोंडाशी हात धरावे, तीन हाका द्याव्या. पहिली हाक आपली, आम्ही बरे आहोत. दुसरी हाक पल्याडची, तुम्ही बरे आहात का. तिसरी हाक वाटेवरल्याची, कोणी चुकलंय का. मग थांबावं. पल्याडून उत्तर आलं, की घरी यावं, चूल पेटवावी. उत्तर नाही आलं, तर पहिल्या दिवशी अर्धं जेवावं. दुसऱ्या दिवशी पाण्यावर राहावं. तिसऱ्या दिवशी काठी घ्यावी, पल्याड निघावं. असा हाकजाईचा वसा. तो बायांना ठाऊक होता. बाप्यांना नुसत्या हाका ऐकू यायच्या.

त्या माचीवर केरू गावकर राहायचा. गावाचा कारभारी. त्याच्या पांढऱ्या पटक्याचं नाव खालच्या खोऱ्यापर्यंत होतं. त्याची बायको सारजा. सारजानं वीस वर्षं वसा चालवला. मग तिचा आवाज बसला, तो उठलाच नाही. मग घरात सून आली. सून मावळतीच्या माचीची, नाव चिमा. चिमाची आई कोंडाबाई पल्याड एकटी राहायची, आणि पल्याडचा वसा तीच चालवायची.

सारजानं सुनेला कड्यावर नेलं. म्हणाली, "सूनबाई, माझी हाक आता कुंपण ओलांडत नाही. आता तू घे."

"आत्याबाई, माझ्यानं होईल का?"

"न व्हायला काय झालं? परवा मांजरीनं दूध सांडलं तेव्हा खालच्या रानातली गुरं वर पळत आली. तेवढाच आवाज लाव. फक्त उतू नको, मातू नको, आलेली हाक गिळू नको."

चिमानं वसा घेतला. रोज सकाळी कड्यावर जावं, तीन हाका द्याव्या. पल्याडून आईनं तीन उत्तरं द्यावी. सासरी गेलेल्या लेकींना वर्षवर्ष आईचं तोंड दिसत नाही. चिमाला रोज सकाळी आई भेटायची. तिन्ही उत्तरं झाली, की कोंडाबाई चौथी हाक पदरची घालायची.

"चिमेऽऽ, जेवलीस काऽऽ?"

"आधी चूल तर पेटवू दे गंऽऽ!"

अन् दोन्ही माच्या हसायच्या. मग नऊ घरांतून धूर निघायचा. असे दिवस होते. तसे पुन्हा आले नाहीत.

पुढं काय झालं? केरू गावकराची लेक वनू लग्नाची झाली. खालच्या बाजारगावाहून पाहुणे बघायला आले. रात्री मुक्काम केला. सकाळी ओसरीवर दात घासत बसले होते, तेवढ्यात कड्यावरून हाक गेली. पाहुण्याच्या हातातला तांब्या सांडला.

"काय हो गावकर, खुराड्यात कोल्हं शिरलं काय?"

"नाही. आमची सून आहे."

पाहुणा मिशीत हसला. "आमच्याकडं बाईमाणसाचा आवाज माजघराच्या उंबऱ्याशी थांबतो. तुमच्याकडं डोंगर ओलांडतो म्हणायचा!"

पाहुण्यांनी घावन खाल्ले, दूध प्यायले, डोंगर उतरले. निरोप काही आला नाही. गावकराच्या काळजात कुसळ शिरलं.

मग त्यानं चार म्हातारे जमवले. उंबराखाली बसले. एकानं तंबाखू मळली, दुसऱ्यानं खाल्ली, तिसरा थुंकला. एवढी खलबतं झाल्यावर ठराव व्हायला कितीसा वेळ? ठरलं, की बायांनी ओरडणं बंद. गावाची अब्रू जाते. त्याऐवजी कड्यावर उंच काठी रोवायची, काठीला गावकराचा पांढरा पटका बांधायचा. पटका दिसला, की पल्याडच्यांनी समजावं, अल्याड सगळं बरं आहे.

चिमा पुढं झाली. म्हणाली, "मामंजी, श्रावण आहे. पांढऱ्या धुक्यात पांढरा पटका कुणाला दिसायचा?"

"दिसेल. आमच्या बापजाद्यांचा पटका आहे तो."

"मग निदान माझं तांबडं लुगडं बांधा."

म्हातारे खवळले. "आता लुगड्याची निशाणी लावायची गावानं?"

"मग पल्याड निरोप तरी धाडा. आईला ठाऊक नाही. उत्तर नाही आलं तर ती तिसऱ्या दिवशी निघेल."

गावकर म्हणाला, "भाताची बेणणी चालू आहे, तण उपटायला माणसं पुरत नाहीत. तुझ्या आईच्या कानात सांगायला दिवसभराची वाट कोण तुडवील? आणि म्हातारं माणूस असल्या धुक्यात निघायला काय वेडं आहे? सूनबाई, आम्ही साठ पावसाळे पाहिलेत."

मोठ्या माणसांना उत्तर सुचलं नाही, की ती वय सांगतात. चिमाचा नवरा रावजी गुरं घेऊन वर सड्यावर राहायला गेला होता, श्रावण संपेपर्यंत खाली यायचा नव्हता. सासू खाली बघत होती. चिमानं ओठ मिटले. तिथंच तिचं चुकलं.

पहिली सकाळ झाली. पल्याडून आईची हाक आली. चिमा अंगणात उभी होती. पदर तोंडात कोंबला, उत्तर दिलं नाही. पल्याड कोंडाबाईनं वाट पाहिली. धुकं विरळ होतं. कड्यावर पांढरं काहीतरी फडफडलं. तिला वाटलं, कोणी धोतर वाळत घातलंय. दुपारी तिनं अर्धी भाकरी खाल्ली.

दुसरी सकाळ झाली. पल्याडून आईची हाक आली. चिमा गोठ्यात होती. म्हशीच्या मानेत तोंड खुपसलं, उत्तर दिलं नाही. पल्याड कोंडाबाईनं डोळे ताणले. नुसतं धुकं, नुसतं पांढरं. ती पाणी प्यायली आणि आडवी झाली.

तिसरी सकाळ झाली. पल्याडून आईची हाक आली, आणि आज ती घोगरी होती. चिमा जात्यापाशी बसली. आवाज कानावर पडू नये म्हणून जात्यात धान नसताना जातं फिरवत राहिली. दगडावर दगड घासला, ठिणग्या उडाल्या, उत्तर गेलं नाही. पल्याड कोंडाबाईनं चूल शेणानं सारवली, दाराला कडी घातली, काठी घेतली आणि ती निघाली.

अल्याड चिमाच्या घशाखाली तीन दिवस घास उतरला नव्हता. ती मोजत बसली. दुपार झाली, आई नदीशी असेल. गुरं परतली, आई चढणीला असेल. दिवस कलला, आई आता दारात यायची. आई आली नाही.

तेवढ्यात धुक्यातून एक म्हातारी वर आली. डोक्यावर फाट्यांची मोळी, अंगावर चिंध्या, पाय चिखलानं भरलेले. पहिल्या घरी गेली. म्हणाली, "बाईबाई, वाट चुकले. आज हाक का नाही दिली?" पहिल्या घरची म्हणाली, "कड्यावर पटका लावलाय, तो बघायचा." दुसऱ्या घरी गेली. "बाईबाई, वाट चुकले. आज हाक का नाही दिली?" दुसऱ्या घरची म्हणाली, "आम्हाला काय विचारतेस? मोठ्यांनी ठरवलंय." तिसऱ्या घरी गेली, तिथं दारच लोटलेलं. मग चिमाच्या दारात आली.

चिमा आई म्हणून धावली. पाहते तर ही दुसरीच. पण तिनं तोंड फिरवलं नाही. पाय धुवायला ऊन पाणी दिलं. सकाळपासून शिवली नव्हती ती नाचणीची भाकरी दिली. थंडीनं म्हातारीचे दात वाजत होते, म्हणून आपलं घोंगडं दिलं. त्या घोंगड्याच्या कोपऱ्याला आईनं लग्नात तांबड्या दोऱ्याचं फूल टाचलं होतं.

म्हातारीनं भाकरी कमरेला बांधली. म्हणाली, "तू का नाही खात?"

"उतरत नाही, आजी."

"कशी उतरेल? हाक देणारीचं पोट भरतं, हाक गिळणारीचं भरत नाही. तिथं जागाच उरत नाही गं." एवढं बोलून घोंगडं पांघरलं आणि धुक्यात गेली.

चौथी सकाळ झाली. पल्याडून हाक आली नाही. पोपट ओरडले नाहीत, कुत्री भुंकली नाहीत, दरी मुकी होती. गावकर ओसरीवर आला, कान टवकारले आणि हसला. "बघा! पल्याडही शहाणपण पोचलं. चांगल्या गोष्टीला वेळ लागत नाही."

चिमानं कोपऱ्यातलं इरलं उचललं.

"कुठं निघालीस?"

"आईला आणायला. शहाणपण पोचलं नाही मामंजी, आई निघाली. कालच निघाली. आणि इथं पोचली नाही."

"मी नाही म्हणतो ना?"

"तुम्ही नाही म्हणालात म्हणून तीन दिवस गप्प बसले. माझी आई हाका मारत होती आणि मी रिकामं जातं फिरवत होते. आता गप्प बसणार नाही. तुमच्या अब्रूला आवाज सोसत नसेल, तर तिच्या कानात बोळे घाला."

"उंबरा ओलांडलास तर परत येऊ नको!"

तेव्हा सारजा उठली. इतकी वर्षं खाली बघणारी बाई नवऱ्याकडं बघू लागली. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "परत ती कशी येईल ते मी बघते. सूनबाई, तू उतर. मी कड्यावर उभी राहते. तुझ्या हाकेला माझं उत्तर. ते जेवढं पोचेल तेवढं."

चिमा कडा उतरली. धुकं असं, की पुढं टाकलेलं पाऊल दिसेना. वाट गेली, मग पायवाट गेली, मग नुसता उतार राहिला. खाली नदीचा आवाज होता. नदीवरचा लाकडी साकव वाहून गेला होता, दोन लाकडं तेवढी खडकाला अडकली होती. चिमानं तोंडाशी हात धरले, पहिली हाक दिली. ती कड्यानं परत फेकली. मग दुसरी हाक दिली. ती नदीनं गिळली. मग पोटात तीन दिवस कोंडलेलं सगळं एकवटून तिनं तिसरी हाक दिली.

हाक देऊन तिनं कान पुढं केला.

मग खडकाच्या कपारीतून पिचलेला आवाज आला. "चिमेऽ... जेवलीस का?"

चिमा हसली, रडली, धडपडत गेली. कोंडाबाई कपारीत बसली होती. साकवाच्या लाकडावरून ती कशीबशी ओलांडून आली, अल्याडच्या काठाला पाय घसरला, घोटा सुजून भोपळा झाला. काल दुपारपासून तिथंच होती. पण अंगावर घोंगडं होतं, कोरडं, ऊबदार. कोपऱ्याला तांबड्या दोऱ्याचं फूल.

"आई, हे कुठलं?"

"काल एक म्हातारी आली. माझ्याशेजारी बसली, भाकरी अर्धी मला दिली, अर्धी ठेवली. म्हणाली, हाक यायचीय, झोपू नको. सकाळी बघते तर नाही. चांगली बाई, पण नाव नाही सांगितलं."

चिमानं आईला पाठीवर घेतलं आणि चढायला लागली. पण वर कुठली वाट आणि कुठला कडा? सगळीकडं पांढरं. एका पायाखालचा दगड सुटला, खाली किती वेळ गडगडत गेला. चिमा थांबली. वर तोंड करून हाक दिली.

वर कड्यावर सारजा उभी होती. तिनं हाक ऐकली, उत्तर दिलं. फुटक्या मडक्यातून वारा जावा तसं ते उत्तर, कुंपणापर्यंत गेलं आणि पडलं. पुन्हा दिलं, मानेच्या शिरा तटतटल्या. तिसऱ्यांदा दिलं, खोकल्याची उबळ आली, ती हाकजाईच्या दगडाला धरून खाली बसली. घरोघरच्या बाया दारात आल्या होत्या. पण म्हाताऱ्यांच्या धाकानं तोंड कोणी उघडेना.

खालून चिमाची हाक पुन्हा आली. केरू गावकर काठीपाशी उभा होता. वर पाहिलं, तर आपला पटका आपल्यालाच दिसेना. काठीच्या बुडाशी उभं राहून दिसेना. त्यानं बायकोकडं पाहिलं. मग तोंडाशी हात धरले. जन्मात कधी हाक दिली नव्हती. आवाज फाटला, मधेच चिरकला, रेडकू हंबरावं तसा निघाला. बाया फिस्सकन हसल्या. गावकर थांबला नाही. दुसरी हाक दिली, तिसरी दिली. मग पहिल्या घरची पुढं आली, दुसऱ्या घरची आली, तिसऱ्या घरचं दार उघडलं, वनू धावत आली. अख्खी माची कड्यावर उभी राहून ओरडू लागली.

खाली कोंडाबाईनं कान दिला. "हे मधलं कोण गं? कुणाचं रेडकू हरवलंय का?"

चिमानं ऐकलं. पुन्हा ऐकलं. "आई, मामंजी आहेत."

"अगं बाई! मग उत्तर दे त्याला. उपाशी असेल बिचारा."

चिमानं उत्तर दिलं. मग वरून हाक यावी, खालून उत्तर जावं. हाकेच्या दोराला धरून मायलेकी पाऊल पाऊल वर आल्या. धुक्यातून आधी काठी दिसली, मग दगड दिसला, मग माणसं दिसली.

गावकरानं काठीवरचा पटका सोडला. कोंडाबाईच्या पायाशी बसला आणि बापजाद्यांच्या पटक्यानं तिचा सुजलेला घोटा बांधला. काहीतरी बोलायला गेला, पण हाका देऊन देऊन आवाज पार गेला होता. ओठ हलले, शब्द निघाला नाही.

कोंडाबाई म्हणाली, "राहू दे व्याही. पोचलं."

मग चिमानं हाकजाईला हात जोडले. दगडाच्या पायाशी नाचणीची अर्धी भाकरी होती. दगड धुक्यानं भिजलेला, भाकरी कोरडी. मग सगळ्यांना कळलं, काल दारोदार कोण आलं होतं आणि कोणी कुणाला काय उत्तर दिलं होतं. पहिल्या घरचीनं मान खाली घातली, दुसऱ्या घरचीनं घातली, तिसऱ्या घरचीनं तर घालायलाच हवी होती.

मग नऊ घरांच्या चुली पेटल्या. त्या दिवशी तांदळाची खीर झाली. गावकर तीन दिवस मुका राहिला, आणि गावाचा कारभार तीन दिवस फार उत्तम चालला. चौथ्या दिवशी आवाज आला, तेव्हा पहिलं वाक्य तो सुनेशी बोलला. "सूनबाई, हाकेला हात कसे धरायचे, नीट दाखव. माझा आवाज फाटतो."

पुढं वनूला नवं स्थळ आलं, मावळतीच्या माचीचं. वनू म्हणाली, "जिथं माझा आवाज उंबऱ्यात अडकत नाही तिथं मी नांदेन." कोंडाबाई म्हातारी झाली, एके सकाळी तिची हाक आली नाही. चिमा गेली, आईला मातीत ठेवून आली. दुसऱ्या दिवशी ती कड्यावर उभी राहिली, तीन हाका दिल्या, आणि आता कुणाचं उत्तर येणार म्हणून घराकडं वळली. तेवढ्यात पल्याडून वनूची तीन उत्तरं आली. आणि मागोमाग चौथी.

"वहिनीऽऽ, जेवलीस काऽऽ?"

आता त्या माचीवर नऊ घरांतली दोन उरलीत. खाचरं गवतानं भरली. दरीतून सडक गेली, दिवसभराची वाट घटकेवर आली, आणि पल्याड कोण राहतं ते अल्याड ठाऊक नाही. दगड अजून उभा आहे. शेंदूर उडालाय. श्रावणात धुकं येतं, दारं शोधतं, चुली सापडत नाहीत म्हणून माघारी जातं. पण कड्यावर जाऊन कुणी तोंडाशी हात धरले, तर हाक अजून पल्याड पोचते. मी देऊन आलेय.

तर बायांनो, आणि मागं बसलेले आजोबा, तुम्हीसुद्धा, हा वसा घ्या. घरातली लेक बोलू लागली तर तिच्यापुढं पटका फडकवू नका. आणि कुणाची हाक यायची थांबली, तर तिला शहाणपण आलं म्हणू नका. काठी घ्या आणि निघा.

हाकजाई जशी चिमाला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. हाक देणारीला उत्तर मिळो. उत्तर नाही मिळालं, तर तिच्यासाठी निघणारं माणूस मिळो. ही साठां हाकांची कहाणी एका उत्तरी सुफळ संपूर्ण.